बेपत्ता माणसाचे घर



२२ जुलै २०१६ हा शुक्रवार होता. सकाळी साडेआठ वाजता चेन्नईजवळच्या तांबरम हवाई तळावरून वायुसेनेचे एक मालवाहू विमान पोर्ट ब्लेअरकडे निघाले. एएन-३२ जातीचे, दोन पंख्यांचे. अशी विमाने आपल्या वायुसेनेत कित्येक वर्षे रसद, टपाल आणि माणसे पोहोचवण्याचे काम करत आली आहेत. त्या दिवशी विमानात २९ जण होते. सहा विमानाचे कर्मचारी, अकरा वायुसेनेचे जवान, दोन लष्कराचे, एक नौदलाचा, एक तटरक्षक दलाचा आणि आठ नागरिक, जे विशाखापट्टणमच्या नौदल शस्त्रागार डेपोत नोकरी करत होते. निघाल्यावर सोळा मिनिटांनी वैमानिकाचे शेवटचे बोलणे झाले. नऊ वाजून बारा मिनिटांनी तेवीस हजार फुटांवरून विमान झपाट्याने खाली येताना रडारवर दिसले आणि नाहीसे झाले. खाली बंगालचा उपसागर होता, किनारा सुमारे दीडशे नॉटिकल मैल दूर होता.

शोध त्याच दिवशी सुरू झाला. नौदलाची आणि तटरक्षक दलाची जहाजे निघाली, टेहळणीची विमाने घिरट्या घालू लागली, एक पाणबुडीही पाठवली गेली. त्या वेळचे संरक्षणमंत्री गोव्याचे मनोहर पर्रीकर दुसऱ्याच दिवशी चेन्नईला पोहोचले आणि शोधाच्या विमानातून समुद्रावर जाऊन आले. पावसाळ्याचे दिवस, ढग खाली उतरलेले, समुद्र खवळलेला. पाण्यावर तरंगणारी कुठलीही वस्तू दिसली की जहाज तिकडे वळवायचे, उचलून पाहायचे, आणि ती त्या विमानाची नाही असे निघायचे. तेलाचा तवंग नाही, आसनाचा तुकडा नाही, लाइफ जॅकेट नाही.

विमान पाण्यात पडले तर ते सापडते कसे, हे थोडे समजून घेऊ. विमानात एक आपत्कालीन संदेशयंत्र असते. आपटल्याबरोबर ते उपग्रहाला हाक देते. पण रेडिओची हाक खोल पाण्यातून बाहेर येत नाही. त्यासाठी वेगळे यंत्र लागते, जे पाण्यात भिजल्यावर ठरावीक अंतराने टिकटिक असा ध्वनी सोडत राहते. तेव्हाच्या अशा यंत्रांची बॅटरी साधारण महिनाभर चालत असे. तेवढ्या अवधीत जहाजाने किंवा पाणबुडीने तो ध्वनी ऐकला तर जागा कळते. त्या विमानावर हे पाण्यातले यंत्र नव्हते. म्हणजे ऐकण्यासारखे काही नव्हतेच. उरला तो एकच मार्ग. समुद्राच्या तळावर ध्वनिलहरी सोडायच्या, परत येणाऱ्या प्रतिध्वनीवरून तळाचे चित्र काढायचे आणि त्या चित्रात निसर्गाने न घडवलेली एखादी आकृती दिसते का ते शोधायचे. आणि तिथला समुद्र तीन किलोमीटरहून अधिक खोल.

घरी काय चालले असेल? त्या दिवसांत वर्तमानपत्रांत एक बातमी आली होती की बेपत्तांपैकी एकाच्या घरच्यांनी त्याचा मोबाइल लावला आणि तो वाजला. काही दिवस त्या वाजण्यावर घरात दिवा लागला असणार. फोन लावणाऱ्याला रिंग ऐकू येते याचा अर्थ पलीकडचा फोन वाजतोच असे नसते, नेटवर्क फोन शोधत असतानाही तसा आवाज येऊ शकतो. पण हे त्या आईला कोण सांगणार, आणि सांगितले तरी तिने का ऐकावे?

१५ सप्टेंबर २०१६ रोजी, म्हणजे दोन महिनेही पुरे होण्याआधी, विमानातले सर्व २९ जण मृत मानले जात असल्याचे कुटुंबांना कळवण्यात आले. ‘मृत झाले’ असे नाही, ‘मृत मानले जात आहेत’ असे. या दोन शब्दांत काय फरक आहे ते ज्याच्या घरातले माणूस गेले त्यालाच कळेल. सरकारी दृष्टीने हा निर्णय घेणे योग्यच होते, कारण त्यावाचून निवृत्तिवेतन, भरपाई, मुलांची शिक्षणे सारेच अडकून राहते. पण मृतदेह नाही, कबर नाही, राख नाही.

साडेसात वर्षांनी, १२ जानेवारी २०२४ रोजी, संरक्षण मंत्रालयाने सांगितले की अवशेष सापडले. चेन्नईस्थित राष्ट्रीय महासागर तंत्रज्ञान संस्थेने समुद्राच्या तळाशी आपोआप फिरणारे एक मानवरहित वाहन सोडले होते. त्याने ३,४०० मीटर खोलीवर, चेन्नईच्या किनाऱ्यापासून सुमारे १४० नॉटिकल मैलांवर, विमानाचे तुकडे टिपले. छायाचित्रे तपासली गेली, ती एएन-३२ शी जुळली. त्या भागात दुसरे कुठलेही विमान बेपत्ता झाल्याची नोंद नाही, म्हणून ते तेच विमान असावे असा निष्कर्ष निघाला. दोन्ही आकडे पुन्हा वाचून पाहा. रडारवरून जिथे नाहीसे झाले ती जागा आणि जिथे सापडले ती जागा फार वेगळी नाही. शोधणारे चुकीच्या समुद्रात भटकत नव्हते. ते बरोबर वरच होते, फक्त मध्ये तीन किलोमीटरहून अधिक पाणी होते आणि तेवढ्या खाली शोध घेणारे हे साधन तेव्हा हाती नव्हते.

याहून लांबलेली कहाणी हिमालयातली आहे. ७ फेब्रुवारी १९६८ रोजी वायुसेनेचे एएन-१२ हे मोठे मालवाहू विमान चंदीगडहून लेहकडे निघाले. आत १०२ माणसे होती, त्यांतले बहुतेक नोकरीवर परतणारे जवान. पुढे हवामान बिघडलेले पाहून वैमानिकाने परत फिरायचे ठरवले, आणि रोहतांग खिंडीच्या आसपास विमान गडप झाले. तब्बल ३५ वर्षे काही हाती लागले नाही. २००३ मध्ये मनालीच्या गिर्यारोहण संस्थेची एक तुकडी लाहौल भागातल्या चंद्रभागा-१३ या शिखराच्या मोहिमेवर असताना तिला ढाका हिमनदीवर विमानाचे तुकडे आणि एका जवानाचे अवशेष दिसले. मग लष्कराने मोहिमा काढल्या, एकदा नव्हे, अनेकदा. पाच हजार मीटरहून उंच जागा, वर्षातून थोडेच दिवस जाता येते, आणि हिमनदी सतत सरकत असल्याने आज जिथे तुकडा दिसतो तिथे तो पडलेला नसतोच. २०१९ पर्यंत पाच मृतदेह मिळाले होते. सप्टेंबर २०२४ च्या अखेरीस डोगरा स्काउट्स आणि तिरंगा माउंटन रेस्क्यू यांच्या पथकाला आणखी चार मिळाले. छप्पन्न वर्षांनी! बर्फाने त्यांना सांभाळून ठेवले होते. एकाची ओळख तर जवळच्या कागदपत्रांवरून पटली. त्या चौघांपैकी एकाचे आईवडील मुलाची वाट पाहत केव्हाच अल्लाहला प्यारे झाले होते. दुसऱ्या एकाची पत्नीही बातमी येण्याच्या कितीतरी आधी या जगातून गेली होती. आजही ९३ जण त्या बर्फातच आहेत.

या दोन विमानांविषयी लिहायला घेतले ते एका पत्रामुळे. रायगड जिल्ह्यातून एका भगिनीने लिहिले आहे. तिचा नवरा परदेशी मालवाहू जहाजावर नोकरीला होता. तीन वर्षांपूर्वी जहाजावरून निरोप आला की सकाळच्या हजेरीला तो आढळला नाही, शोध घेतला, मिळाला नाही. एजंट सुरुवातीला फोन उचलत होता, आता उचलत नाही. सासू म्हणते, ‘माझा लेक येणार.’ मोठा दीर म्हणतो, ‘इद्दतीला बस आणि मोकळी हो.’ मोहल्ल्यातल्या एका बाईने तिला एका आमिलकडे नेले. त्याने हातातल्या पाण्यात पाहून ‘तो जिवंत आहे, पण बांधलेला आहे’ असे सांगितले आणि पैसे घेतले. भगिनी विचारते की रोज नमाजनंतर दुआ करताना मी त्यांच्या नावापुढे मरहूम म्हणू की नको?

हा शेवटचा प्रश्न वाचून मी बराच वेळ पत्र हातात धरून बसलो.

आमिलचे प्रकरण आधी संपवू. गैब फक्त अल्लाह जाणतो. भविष्य किंवा लपलेले सांगणाऱ्याकडे जाऊन विचारणाऱ्याची चाळीस दिवसांची नमाज स्वीकारली जात नाही, अशा आशयाची सहीह हदीस आहे. समुद्रतळाचे ज्ञान मिळवायला एका देशाच्या शास्त्रज्ञांना साडेसात वर्षे लागली, आणि हा माणूस ते वाटीभर पाण्यात पाहतो! भगिनीला दोष देत नाही. बुडत्याला काडीचा आधार वाटतो. दोष त्या काडीचे पैसे घेणाऱ्याचा आहे.

आता मुख्य विषय. आपल्या फिकहमध्ये अशा माणसाला ‘मफकूद’ म्हणतात. ज्याचे काय झाले, जगला की वारला, याची काहीच खबर नाही तो मफकूद. फकीहांनी या विषयावर स्वतंत्र प्रकरणे लिहिली, कारण व्यापारी काफिले, हजचा प्रवास, लढाया, गलबते यांत माणसे हरवणे ही त्या काळातली नेहमीची गोष्ट होती. मूळ विचार असा की खात्रीने जी स्थिती माहीत आहे ती शंकेने बदलत नाही. तो जिवंत होता हे खात्रीचे, वारला ही शंका. म्हणून त्याच्या स्वतःच्या मालमत्तेच्या बाबतीत तो जिवंत धरायचा, म्हणजे त्याची मालमत्ता वारसांत वाटायची नाही. पण याच काळात त्याचे वडील वारले तर? तेव्हा त्याचा हिस्सा काढून बाजूला ठेवायचा. तो परत आला तर त्याला द्यायचा. त्याच्या मृत्यूचा निर्णय झाला तर तो हिस्सा वडिलांच्याच इतर वारसांत वाटायचा. म्हणजे भगिनीच्या दिराने नवऱ्याच्या नावची वाडी ‘तो गेलाच आहे’ म्हणून वाटून घ्यायची म्हटली, तर शरीअतीत त्याला आज जागा नाही.

पण जमीन वाट पाहू शकते, बायको किती पाहणार? इथे मजहबांमध्ये मोठा फरक आहे. हनफी मजहबाच्या जुन्या मतानुसार त्याच्या वयाची माणसे मरेपर्यंत थांबायचे. काहींनी त्याचे वय नव्वद वर्षे होईपर्यंत असे म्हटले. काहींनी ते काजीच्या विवेकावर सोडले. इमाम शाफई यांचे आधीचे मत चार वर्षांचे होते, नंतरचे मत मृत्यूची खात्री होईपर्यंत थांबण्याचे. कोकणातले आपले बहुतेक लोक शाफई आहेत, म्हणून हे मुद्दाम लिहितो. इमाम मालिक यांनी मात्र हजरत उमर (रजि.) यांच्या निर्णयाचा आधार घेतला. बाईने काजीकडे दाद मागावी, काजीने शोध घ्यावा, चार वर्षांची मुदत द्यावी, आणि तरीही खबर न मिळाल्यास तिने पतिनिधनाची इद्दत, चार महिने दहा दिवस, पाळावी. मग ती निकाहला मोकळी. हंबली फकीहांनी आणखी एक बारकावा काढला. माणूस साध्या प्रवासातून हरवला ते वेगळे, आणि फुटलेल्या जहाजातून किंवा लढाईतून हरवला ते वेगळे. जिथे नाश होण्याचाच संभव जास्त, तिथे चार वर्षे पुरेत. ओळी वाचताना वाटते, त्यांनी बुडणारी गलबते डोळ्यांनी पाहिली असावीत.

हिंदुस्थानात हा प्रश्न विसाव्या शतकात फार तीव्र झाला. हनफी मजहबाप्रमाणे सुटका नसल्याने काही स्त्रिया निकाह तुटावा म्हणून इस्लामच सोडून जाऊ लागल्या. तेव्हा मौलाना अशरफ अली थानवी (रह.) यांनी इतर उलमांशी, मालिकी मुफ्तींशीही, विचारविनिमय करून ‘अल-हीलतुन्नाजिजा’ हे पुस्तक लिहिले आणि अशा अडचणीत मालिकी मतावर अंमल करण्याची वाट खुली केली. स्वतः कट्टर हनफी असलेल्या आलिमने हे केले, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. आपल्याकडे कोणी बाईला सोय सांगितली की लगेच ‘मजहब सोडलास का’ म्हणून विचारणारे बरेच असतात, त्यांच्यासाठी हे वाक्य आहे.

त्याच विचारातून १९३९ चा मुस्लिम विवाह विच्छेद अधिनियम आला. तो आजही लागू आहे, आणि घराघरांत माहीत असायला हवा तेवढा माहीत नाही. त्याच्या दुसऱ्या कलमातले पहिलेच कारण हे आहे की चार वर्षे नवऱ्याचा ठावठिकाणा माहीत नसेल तर पत्नी न्यायालयातून निकाह रद्द करून घेऊ शकते. हुकूम झाला तरी तो सहा महिने अमलात येत नाही. त्या सहा महिन्यांत नवरा स्वतः किंवा त्याच्या अधिकृत माणसामार्फत हजर झाला आणि संसार करायला तयार असल्याचे न्यायालयाला पटवले, तर हुकूम रद्द होतो. याच कायद्यात दोन वर्षे खावटी न मिळणे हेही वेगळे कारण आहे. या भगिनीला तीन वर्षे झाली आहेत. चौथे वर्ष पुरे होण्याआधी या दुसऱ्या कारणाने काही करता येईल का, ते जाणकार वकिलाला विचारावे.

इथे एक गोंधळ नेहमी होतो. निकाह सुटणे ही एक गोष्ट, आणि माणूस मृत ठरणे ही दुसरी. चार वर्षांची तरतूद पहिल्यासाठी आहे. मालमत्ता, बँक, विमा यांच्यासाठी साक्षीपुराव्याच्या कायद्यातली सात वर्षांची तरतूद लागते. ज्यांना त्याची खबर सहज कळली असती अशा माणसांना सात वर्षे काही कळले नाही, तर तो जिवंत आहे हे सिद्ध करायची जबाबदारी तसे म्हणणाऱ्यावर येते. इंग्रजी अमदानीतला १८७२ चा कायदा जाऊन नवा साक्ष्य अधिनियम आला, तरी ही तरतूद कायम आहे. मात्र न्यायालय तो मृत धरते म्हणजे कुठल्या तारखेला मेला हेही ठरवते असे नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या २००४ च्या एका निकालानंतर याचा फटका विम्याला बसतो. माणूस बेपत्ता झाल्यावर घरच्यांनी हप्ते थांबवले आणि पॉलिसी बंद पडली, तर सात वर्षांनी रक्कम मागता येईलच असे नाही. म्हणून जमेल तसे हप्ते चालू ठेवा. बँकेतला नॉमिनी म्हणजे वारस नव्हे, हेही लक्षात असू द्या. त्याने रक्कम ताब्यात घ्यायची ती वारसांसाठी.

एएन-३२ च्या कुटुंबांना सात वर्षे थांबावे लागले नाही, कारण विमान कोसळताना रडारने पाहिले होते, आत कोण होते याची यादी होती, आणि चौकशी करणारे सरकार होते. पुरावा जितका भक्कम, तितकी मुदत कमी. हंबली फकीहांनी फुटलेल्या जहाजाबद्दल केलेला विचार आणि हा विचार जवळचेच आहेत. म्हणून घरातले माणूस जहाजावर, आखातात किंवा कुठेही बेपत्ता झाले तर पहिल्या आठवड्यात जो कागद जमेल तो पुढच्या सात वर्षांना पुरतो. जहाजाच्या कप्तानाचा लेखी अहवाल, त्या दिवशीच्या हवामानाची नोंद, सोबत्यांचे जबाब, त्या देशातल्या आपल्या वकिलातीला दिलेला अर्ज, गावच्या पोलीस ठाण्यातली बेपत्ता असल्याची नोंद. दुःखात असताना कागद सुचत नाहीत, हे खरे. म्हणूनच घरातल्या एखाद्या भावाने किंवा मामाने ते काम आपल्याकडे घ्यावे.

सासूबाईंविषयी दोन शब्द. ‘माझा लेक येणार’ असे म्हणणाऱ्या आईला सब्र नाही असे कोणी म्हणू नये. हजरत याकूब (अलै.) यांना मुलांनी रक्ताने माखलेला सदरा आणून दाखवला, तरी त्यांनी यूसुफ (अलै.) यांची आशा सोडली नाही. डोळे रडून पांढरे झाले. आणि नंतर त्यांनी मुलांना काय सांगितले? घरात बसून सब्र करा असे नव्हे. जा आणि यूसुफचा व त्याच्या भावाचा शोध घ्या, अल्लाहच्या रहमतीपासून निराश होऊ नका, असा त्यांच्या बोलण्याचा आशय कुरआनात आहे. सब्र करणारे नबीच शोधायला पाठवतात. पण आईची आशा आणि सुनेचे आयुष्य यांची गाठ बांधू नये. आईने आयुष्यभर वाट पाहावी, तो तिचा हक्क आहे. सुनेलाही तेवढेच थांबायला लावणे हा कोणाचाच हक्क नाही.

आणि दीर म्हणतो तसे आपल्या मनाने इद्दतीला बसण्याने काही होत नाही. मृत्यूची खात्री आणि तारीख मिळाली तर इद्दत त्या तारखेपासून मोजली जाते, मग बातमी कितीही उशिरा येवो. खात्री नसेल तर आधी निर्णय लागतो, इद्दत त्यानंतर. घरच्या बैठकीत ठरवलेला निर्णय हा काजीचा निर्णय नव्हे. तो न होता तिने दुसरा निकाह केला तर दोन्हीकडून अडचणीत येईल ती हीच भगिनी, दीर नव्हे.

जनाजाच्या नमाजबद्दलही विचारले जाते. मय्यत समोर नसताना केलेली गायबाना नमाज शाफई आणि हंबली मजहबांत जायज आहे. हबशाचा बादशाह नजाशी यांचे निधन झाले तेव्हा प्रेषित (सल्ल.) यांनी मदीनेत त्यांची नमाज पढवली, हा त्याचा आधार. हनफी आणि मालिकी ती नजाशी यांच्यापुरतीच खास मानतात. अवशेषांचा काही भागच मिळाला तर शाफई मतानुसार त्यावरही नमाज होते. हनफींकडे निम्म्याहून जास्त शरीर, किंवा डोक्यासह निम्मे, असावे लागते. विमान अपघातांत हा प्रश्न अनेकदा उभा राहतो. पण दोन्हीकडे मृत्यू ठरलेला असला पाहिजे. बुडून मरणाऱ्याला हदीसमध्ये शहिदाचा दर्जा सांगितला आहे, हे मात्र नवरा समुद्रावर गेलेल्या प्रत्येक घराला माहीत असावे.

भगिनीच्या दुआच्या प्रश्नाचे उत्तर सोपे आहे. मरहूम म्हणू नका, त्यांचे नाव तेवढे घ्या. मगफिरतची दुआ जिवंत माणसासाठीही करता येते आणि वारलेल्यासाठीही, आणि ते कुठे आहेत हे ज्याला माहीत आहे त्याच्याकडेच ती जाते.

आता पुढचे काम. दारुल कजात जाऊन अर्ज द्या, तिथले काजी तुमच्या मजहबाप्रमाणे सांगतील. पण २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले आहे की तिथला निर्णय कायद्याने बंधनकारक नसतो. त्यामुळे कौटुंबिक न्यायालयातला दावाही करावा लागेल. १९३९ च्या कायद्याखाली दावा करताना नवरा आज वारला असता तर जे वारस झाले असते त्यांची नावे आणि पत्ते अर्जात द्यावे लागतात, आणि त्यांना नोटीस जाते. नवऱ्याचा चुलता आणि भाऊ असतील तर ते वारस नसले तरी त्यांना पक्षकार करावेच लागते. हे राहिले की तारखा वाढत जातात. तेव्हा वकिलाकडे जाताना ही यादी, पासपोर्टची आणि जहाजावरच्या नोकरीच्या पुस्तिकेची झेरॉक्स, आणि एजंटाशी झालेले सर्व संदेश छापून घेऊन जा. फोन बदलू नका, त्यात तो शेवटचा निरोप आहे.